पोलादाच्या गावी पियानो

नोकरीच्या निमित्ताने मी सध्या ज्या गावात राहतो, त्याचे नाव उच्चारताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धूर, झोतभट्ट्या आणि रेल्वेचे रूळ उभे राहतात. ते गाव म्हणजे छत्तीसगडातील भिलाई. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून या गावाचा दिवस सूर्यावर नव्हे, तर कारखान्याच्या तीन पाळ्यांवर उगवतो आणि मावळतो. अशा गावी बसून मी आज आपल्याशी पियानोविषयी बोलणार आहे, हे ऐकून कोणाला हसू आले तर त्यात नवल नाही.

पण थोडा विचार केला, तर पियानोइतके लोखंडाचे ऋण असलेले वाद्य दुसरे क्वचितच सापडेल. इटलीतील फ्लॉरेन्स नगरात १७००च्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने हे वाद्य प्रथम घडवले, तेव्हा त्याचा सांगाडा लाकडाचाच होता. पुढे एकोणिसाव्या शतकात तारा अधिक जाड आणि अधिक ताणाच्या होत गेल्या, आणि तो ताण लाकडाला सोसेना. म्हणून ओतीव लोखंडाची चौकट आली. आजच्या मोठ्या पियानोत सुमारे २३० पोलादी तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. एखाद्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात निमूटपणे उभ्या असलेल्या त्या काळ्याभोर पेटाऱ्यात एवढे ओझे तोलून धरलेले असते, हे ऐकून आमच्या कारखान्यातील कोणीही अभियंता आदराने उठून उभा राहील.

गंमत अशी की, जो पियानो आज भिलाईच्या घराघरांत येऊ पाहतो आहे, त्यात तारही नाही आणि लोखंडाची चौकटही नाही. हा पियानो डिजिटल आहे. पोलादाच्या गावात शिरताना त्याने आपले पोलाद वेशीबाहेर ठेवले आहे! आणि त्याला कारणेही तशीच सबळ आहेत. उन्हाळ्यात येथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, लगेच पाठोपाठ पावसाळ्याची ओल येते. लाकूड आणि तारा या माऱ्यात बेसूर होतात. तारांचा पियानो वर्षातून निदान दोनदा सुरात लावून घ्यावा लागतो, आणि ते काम जाणणारा कारागीर अशा गावात सहजी मिळत नाही. शिवाय दोनशे किलोहून अधिक वजनाचे हे प्रकरण सरकारी निवासस्थानाचा अरुंद जिना चढवायचे कोणी?

माझे एक स्नेही आहेत. मूळचे वऱ्हाडातले, कारखान्यात अभियंते, पन्नाशीला आलेले. लहानपणी गणेशोत्सवात आणि भजनात त्यांनी पेटी वाजवली होती. पुढे अभ्यास, नोकरी, पाळ्या यांच्या रगाड्यात पेटी माळ्यावर गेली. त्यांची मुलगी बंगळुरास संगणकाच्या क्षेत्रात काम करते. तिने तेथे पियानो शिकायला आरंभ केला, आणि सुट्टीवर आली असता वडिलांना म्हणाली, “बाबा, तुम्हीही घ्या.” बाबांच्या मनात जी ठिणगी होती तिला एवढी फुंकर पुरेशी झाली.

येथे मला एक प्रश्न नेहमी पडतो. यंत्रांशी व्यवहार करणारी इतकी माणसे संध्याकाळी वाद्याकडे का वळतात? ही गोष्ट आजची नव्हे. ज्यांच्या देशबांधवांनी भिलाई उभारायला हातभार लावला, त्या रशियात लेव तेरमेन नावाचा एक पदार्थवैज्ञानिक होऊन गेला. तो व्हायोलिनच्या कुळातले चेलो वाजवीत असे. १९२०च्या सुमारास त्याने हवेत नुसते हात हलवून वाजवता येणारे विजेचे वाद्य निर्माण केले. जर्मनीचा माक्स प्लांक, ज्याच्या नावावर पुंजसिद्धान्ताचा आरंभ लिहिलेला आहे, तो उत्तम पियानो वाजवीत असे, आणि नैसर्गिक स्वरांत लावलेल्या एका खास हार्मोनियमचा अभ्यास करून त्याने १८९३ साली निबंध लिहिला होता.

आणि परदेशात तरी कशाला जावे? सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर, म्हणजे माझ्याच जातकुळीचे, फायलींत आयुष्य घालवलेले गृहस्थ. त्यांनी हिंदुस्थानी संगीतातील बावीस श्रुतींची गणिताने मोजदाद करून १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. मुंबई इलाख्यातील एक सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले, आणि या दोघांच्या खटपटीतून श्रुति-हार्मोनियम तयार झाली. १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा ती विद्वानांपुढे मांडली गेली. जाणत्या गायकांना ती पटली नाही. पण एका सरकारी नोकराने आयुष्याच्या उत्तरार्धात एका गंधाराच्या पाठीमागे एवढे लागावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दिवसभर जो माणूस मोजमापांत वावरतो, त्याला संध्याकाळी अशी एखादी वस्तू हवी असते, जी मोजता येते, पण मोजून संपत नाही. स्वर ही तशी वस्तू आहे.

आता माझ्या स्नेह्यांकडे वळतो. आमच्या खात्यात निविदा उघडल्यावर तुलनात्मक तक्ता करण्याची पद्धत आहे. स्नेह्यांनी पियानोसाठी असाच तक्ता केला. उभ्या रकान्यांत चौदा वाद्ये, आडव्या ओळींत त्यांचे गुण: पट्ट्या किती, आवाजांचे प्रकार किती, एका वेळी किती स्वर निनादत राहू शकतात, वजन किती, किंमत किती. प्रत्येक गुणाला अंक, अंकांची बेरीज, बेरजेप्रमाणे क्रम. पहिल्या क्रमांकाच्या वाद्यात पाचशेहून अधिक आवाज होते. बासरी, सतार, ढोल, इतकेच काय, टाळ्यांचा कडकडाटसुद्धा! मला तो तक्ता दाखवून ते म्हणाले, “साहेब, निर्णय झाला. आता फक्त खरेदी.”

सुदैवाने खरेदीला रायपूरला जाताना त्यांनी एका वृद्ध संगीत-शिक्षकांना बरोबर घेतले. १९५६ साली स्थापन झालेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आमच्यापासून फार दूर नाही, खैरागडला आहे. गुरुजी तेथेच शिकलेले. पियानो त्यांनी आयुष्यात फारसा हाताळला नव्हता. दुकानात गेल्यावर त्यांनी पाचशे आवाजांपैकी एकही ऐकला नाही. डोळे मिटून एक पट्टी अगदी हलकेच दाबली. पुन्हा दाबली. दहा-बारा वेळा दाबली. मग म्हणाले, “याला हळू बोलता येत नाही.”

श्रोतेहो, त्या एका वाक्यात या वाद्याचे सारे शास्त्र आहे, म्हणून ते जरा उलगडून सांगतो.

आपल्या पेटीची पट्टी म्हणजे एक दार आहे. दार उघडले की भात्यातली हवा सुरीवरून वाहते आणि स्वर उमटतो. पट्टी हळू दाबा की जोराने, स्वर तेवढाच. आवाज लहानमोठा होतो तो भाता चालवणाऱ्या हाताने. पियानोचे तसे नाही. तेथे पट्टी एका हातोडीला फेकते. हातोडी शेवटच्या क्षणी पट्टीपासून सुटते, स्वतंत्रपणे जाऊन तारेवर आदळते आणि परत येते. म्हणजे वाजवणाऱ्याच्या हाती उरतो तो केवळ वेग. क्रिस्तोफोरीच्या वाद्याच्या नावातच हळू आणि मोठा असे दोन्ही शब्द होते, आणि त्यांतला ‘हळू’ तेवढा ‘पियानो’ म्हणून जगाच्या तोंडी उरला आहे.

डिजिटल पियानोत तार नाही, पण हा वेग तर ओळखता आला पाहिजे. म्हणून प्रत्येक पट्टीखाली दोन किंवा तीन संवेदक बसवलेले असतात. पट्टी पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात पोचली, यावरून यंत्र वेग काढते, आणि खऱ्या पियानोचा आगाऊ ध्वनिमुद्रित केलेला तितक्याच जोराचा स्वर ऐकवते. ज्या वाद्यात हे मापन ढोबळ, त्यात हलका स्वर एक तर उमटतच नाही, किंवा एकदम दचकून ओरडतो. पट्ट्याही वजनदार हव्यात. खर्जाकडे किंचित जड, तारसप्तकाकडे हलक्या, कारण खऱ्या पियानोच्या हातोड्या तशाच असतात. स्प्रिंगच्या हलक्या पट्ट्यांवर बोट लवकर पळते, पण बोटाला पियानो कधी कळत नाही.

म्हणून विकत घेणाऱ्याने काय पाहावे? पियानोचेच संगीत शिकायचे असेल तर पूर्ण ८८ पट्ट्या घ्याव्यात. केवळ भावगीते आणि भजने वाजवायची असतील तर त्याहून कमी चालतात. आपल्या पेटीला त्यांच्या निम्म्याच असतात. एका वेळी १२८ स्वर निनादू शकले तरी नवशिक्यालाच नव्हे, बऱ्याच जाणत्यालाही पुरतात. २५६चा आकडा पाहून अधिक पैसे मोजण्याची घाई नको. पायातला पेडल केवळ चालू-बंद होणारा नसावा. तो अर्धा दाबला तर निनादही अर्धाच राहिला पाहिजे. बैठक आणि घोडी डगमगती नसावी. वीज कमीजास्त होत असेल तर तिचाही बंदोबस्त करावा, आणि दुरुस्ती करणारा किती मैलांवर आहे, याची चौकशी पैसे देण्याआधी करावी. ज्यांना वाद्य संगणकाला जोडायचे आहे त्यांनी तशी सोय पाहावी. विजेवर चालणाऱ्या वाद्यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलावे, यावर निरनिराळ्या उत्पादकांचे १९८३ साली एकमत झाले, आणि तीच भाषा आजही चालते. पण हे सर्व पाहून झाल्यावर विक्रेत्याला क्षणभर गप्प बसण्याची विनंती करावी, डोळे मिटावेत आणि त्या वाद्याचा सर्वांत हळू स्वर ऐकावा. तो स्वर आपल्या बोटाचा वाटला, तर वाद्य आपले.

स्नेह्यांच्या तक्त्यातला पहिला क्रमांक अशा रीतीने नापास झाला, आणि सहाव्या क्रमांकाचे, अवघ्या दहा-बारा आवाजांचे वाद्य घरी आले.

येथे एक जुना वाद आठवतो, आणि तो नेमका याच माध्यमाच्या घरचा आहे. मराठी माणूस गायकाची पट्टी सांगतानासुद्धा ‘काळी एक’, ‘पांढरी पाच’ असे पेटीच्या भाषेत सांगतो. आमच्या संगीत रंगभूमीला पेटी आणि ऑर्गन यांनी साथ केली. गोविंदराव टेंब्यांसारखा कलावंत या वाद्याने दिला. तरी १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला आपले दार बंद केले. पेटीचे स्वर ठरीव आहेत, तिला मींड येत नाही, तिचे सप्तक विलायती आहे, हा आक्षेप. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांचाही पेटीला विरोधच होता. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर पु. ल. देशपांडे रुजू झाले, ते स्वतः रसिकमान्य पेटीवादक. आणि ज्या कचेरीत ते नोकरी करीत त्या कचेरीत पेटीला मज्जाव! १९७१ साली हा निर्बंध सैल झाला. वाद कोणी जिंकला हे मी सांगणार नाही, पण आक्षेपात तथ्य होते हे आकड्यांनी दाखवता येते. षड्ज २४० कंपनांचा धरला, तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांचा असतो. पियानोच्या समान अंतरांच्या सप्तकात तो ३०२च्याही थोडा वर जातो. पंचमात फरक नाममात्र. ३६०च्या जागी साडेतीनशे नऊ आणि थोडे वर असे नव्हे, तर ३५९ आणि अर्ध्याहून थोडे अधिक. पण गंधार टोचतो, आणि भूपासारख्या रागात, जेथे गंधारच वादी, तेथे फारच टोचतो.

माझ्या स्नेह्यांना हे टोचले. त्यांनी वाद्याबरोबर आलेली पुस्तिका, जी सहसा कोणी वाचत नाही, ती शेवटपर्यंत वाचली. तिच्यात एका कोपऱ्यात लिहिले होते की, या वाद्याचे सप्तक बदलता येते. समान अंतरांऐवजी नैसर्गिक स्वर लावता येतात, आणि षड्ज कोणत्या पट्टीवर मानायचा तेही सांगता येते. त्यांनी ती कळ दाबली आणि गंधार खाली उतरून आपल्या जागी बसला. ज्यासाठी देवल आणि क्लेमेंट्स यांनी खास वाद्य बनवून घेण्याचा खटाटोप केला, त्यातला काही अंश आता एका कळीच्या पाठीमागे निमूट पडून असतो. सगळेच साधते असे नाही. प्रत्येक रागाचे स्वर या एका मांडणीत बसत नाहीत. आणि मींड तर नाहीच, कारण दोन पट्ट्यांच्या मधली वाट या वाद्याला ठाऊकच नाही. तरी भूपाचा गंधार मिळाला, हेही थोडके नव्हे. वाद्य निवडताना ही सोय त्यात आहे का, एवढे आपल्या संगीतावर प्रेम करणाऱ्याने अवश्य विचारावे.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे सर्व सांगत आलो, तिच्याकडे येतो.

स्नेह्यांच्या घराखाली कारखान्यातलेच एक गृहस्थ राहतात. त्यांची रात्रपाळी असली की ते दिवसा झोपतात, आणि सकाळची असली की रात्री लवकर. भिलाईत दुसऱ्याची झोप ही पवित्र वस्तू आहे. म्हणून स्नेही रात्री जेवण झाल्यावर कानांना हेडफोन लावून वाजवीत. घोडीखाली त्यांनी जाड रबरी चटईही अंथरली होती, कारण पट्ट्यांचा ठोका जमिनीतून खाली जातो. स्वर त्यांच्या कानांत, आणि बाहेर नीरव शांतता. मला तर ही सोय आदर्श वाटली होती.

त्यांच्या घरी त्यांच्या मातोश्री होत्या. वय नव्वदीच्या उंबरठ्यावर, दृष्टी मंदावलेली, पण कान शाबूत. लग्नापूर्वी नागपुरात त्या थोडे गाणे शिकल्या होत्या. पियानो येऊन चार महिने झाले असतील. एके रात्री त्यांनी सुनेला विचारले, “सूनबाई, कारखान्याचं टायपिंग आता घरी आणायला लावतात का गं याला? रोज रात्री बिचारा टकटक करत बसतो.”

चार महिने मुलगा भूप वाजवीत होता, आणि शेजारच्या खोलीत आईला ऐकू येत होती ती पट्ट्यांची टकटक!

स्नेही मला सांगत होते, तेव्हा त्यांचा आवाज जड झाला होता. दुसऱ्या दिवशी ते खालच्या गृहस्थांना भेटले, आणि संध्याकाळी सात ते साडेसात ही वेळ दोघांनी मिळून ठरवली. त्या संध्याकाळी हेडफोनची तार काढून त्यांनी आईला खुर्चीवर आणून बसवले आणि वाजवले. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पेटीपेक्षा गंधार बरा लागतो रे तुझा.” आणि थोड्या वेळाने, “इतके दिवस कुणाला ऐकवत होतास?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. पुढे सात-आठ महिने रोज ती अर्ध्या तासाची बैठक झाली. खालचे गृहस्थही सवड असेल तेव्हा जिना चढून येत. नंतर आई गेल्या. त्या तक्त्यात चौदा वाद्यांचे सारे गुण मांडलेले होते. पण हे वाद्य घरात कोण ऐकणार, हा रकाना त्यात नव्हता, आणि वाया गेलेल्या त्या चार महिन्यांचा हिशेब आता कोणत्याच रकान्यात मांडता येत नाही, असे स्नेही म्हणतात.

मी हेडफोनची निंदा करीत नाही. त्यांच्यामुळेच पाळीवरून परतलेल्या माणसाला रात्री अकराला सराव करता येतो आणि कोणाची झोपही मोडत नाही. चुका एकांतात कराव्यात, हे शहाणपणाचेच आहे. पण सराव एकांतात झाला, तरी गाणे एकांतात मुरत नाही. भिलाईच्या संध्याकाळी बंगळुराहून, पुण्याहून घरी बसून काम करणारी तरुण मुले मला भेटतात. दिवसभर त्यांच्या कानांवर तीच यंत्रे असतात, आणि रात्री तीच यंत्रे लावून ती संगीतही ऐकतात आणि वाजवतातही. त्यांना मी एवढेच सांगतो की, वाद्य घेताना त्याचे स्वतःचे ध्वनिवर्धकही नीट ऐकून घ्या. केवळ हेडफोनवर पारखून घेऊ नका. कारण घरातल्यांच्या वाट्याला जो पियानो येणार आहे, तो ध्वनिवर्धकातला.

तेव्हा, श्रोतेहो, आपल्यापैकी कोणी असे वाद्य घेण्याच्या विचारात असेल, तर तक्ता जरूर करा. सरकारी नोकर तक्त्याविरुद्ध बोलणार तरी कसा? पण त्यात दोन रकाने हाताने वाढवा. एकात लिहा, याला हळू बोलता येते का. दुसऱ्यात लिहा, ते हळू बोलणे घरात कोणाला ऐकवायचे आहे. आणि त्या दुसऱ्या रकान्यात एखादे नाव असेल, तर खरेदी फार लांबवू नका.